काडी, डबी आणि बाब क्रमांक चौदा

तक्तेसाहेबांचं आडनाव तक्ते नव्हतं. खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं आहे. सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांनी तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय आयुष्यात एकही वस्तू विकत घेतली नव्हती, म्हणून हे नाव. कचेरीसाठी टाचण्यांची एक डबी घ्यायला त्यांनी अडीच वर्षं लावली होती, असं सांगतात. मधल्या काळात कागद सुईदोऱ्याने शिवावे लागत. त्यात शिपायाचा हात इतका बसला की निवृत्त झाल्यावर त्याने शिंप्याचं दुकान काढलं, आणि ते अजून जोरात चालतं. पण त्या खरेदीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. बोट ठेवता न येणं हीच साहेबांच्या मते खरेदी. बाकी सगळी उधळपट्टी.

बोलण्याचीही त्यांची एक पद्धत होती. हातातल्या कागदांची चळत टेबलावर तीनदा ठोकायची, कडा सारख्या करायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि मग वरून बघत बोलायचं. हातात कागद नसले तर वर्तमानपत्र चाले. तेही नसलं तर ते सहसा बोलतच नसत.

त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत, कारण त्या शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर या बाईंनी एक उद्योग केला. त्यांचा एक जुना विद्यार्थी मालिका काढतो. त्याने एका भागात छोटं काम आहे, कराल का, असं विचारलं आणि बाई जाऊन करून आल्या. ही मालिका नेहमीच्या वाहिनीवर नव्हती. इंटरनेटवरून बघायची होती. भाग शनिवारी संध्याकाळी सहा वाजता येणार आणि बाई त्यात चाळीस सेकंद दिसणार, ही बातमी पंधरा दिवस आधी घरात आली. साहेबांनी तारीख, वेळ आणि सेकंद लिहून घेतले. काम कसलं आहे हे काही त्यांनी विचारलं नाही. तो रकानाच नव्हता.

हे इथेच मिटलं असतं, पण त्या रविवारी मेहुणा आला. बाईंचा हा धाकटा भाऊ फर्निचरचं दुकान चालवतो आणि कुणाच्याही घरी गेला की आधी खुर्च्या हलवून बघतो. त्याने साहेबांची खुर्ची हलवली, ती कुरकुरली, तेवढ्यावर समाधान मानून तो टीव्हीकडे वळला.

"ताईचं काम आमच्याकडे बघू सगळे," तो म्हणाला. "भिंतभर टीव्ही आहे. भावोजी, तुमच्या या डब्यावर बातम्या दिसतात हेच नशीब म्हणायचं."

साहेबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी मांडीवर तीनदा ठोकलं. माझ्या बायकोचं काम माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर दिसेल आणि तू ते समोर बसून बघशील, असं त्यांनी जाहीर केलं. कुरकुरणाऱ्या खुर्चीतून केलेल्या घोषणेला जेवढं वजन येईल तेवढं आलं. मेहुणा हसला. त्याचं ते हसणं पंधरा दिवस साहेबांच्या कानात डासासारखं गुणगुणत राहिलं.

आता या टीव्हीविषयी थोडं सांगायला हवं. तो चार वर्षांपूर्वी सात महिन्यांच्या तक्त्यांनंतर आला होता. त्याच्या रिमोटवर त्रेचाळीस बटणं निघाली. साहेबांनी गरज तपासली तेव्हा ती सातच बटणांची भरली. उरलेल्या छत्तीस बटणांवर त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावली. न लागणारं बटण उघडं ठेवणं म्हणजे अपघाताला आवतण, असा त्यांचा सिद्धांत होता आणि गेल्या चार वर्षांत एकही अपघात न झाल्यामुळे तो सिद्धही झाला होता. एकच गोष्ट त्यांना खुपत होती. चिकटपट्टीचं जे रीळ सहा वर्षं पुरायला हवं ते दीडच वर्षात संपलं. दुसरंही दिवसेंदिवस रोडावत होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी एकदा वीतभर पट्टी मागून नेली होती. तेव्हापासून साहेब जिन्यात त्यांना नमस्कार करत, पण नजर त्यांच्या खिशावर ठेवून करत.

तर सोमवारी सकाळी साहेबांनी नवी फाईल उघडली. वर सुवाच्य अक्षरात बाईंचं नाव घातलं, खाली विषय लिहिला: दूरचित्रवाणी संचास इंटरनेटवरील कार्यक्रम दाखविणारे उपकरण. मग तीन दुकानांना पत्रं गेली. सोबत बावीस कलमांचा नमुना, आणि दरपत्रक मोहोरबंद पाकिटात सात दिवसांच्या आत पोचवावं अशी सूचना.

पहिल्या दुकानदाराला ते पत्र म्हणजे सरकारी छापा येणार असल्याची नोटीस वाटली. त्याने शटर ओढलं आणि तो चार दिवस सासुरवाडीला जाऊन राहिला. दुसऱ्याने कपडे धुण्याच्या यंत्राचं माहितीपत्रक पाठवलं. पाकीट मात्र मोहोरबंद होतं, त्यामुळे साहेबांना ते फेटाळताना वाईट वाटलं. तिसऱ्या दुकानातल्या विक्रेतीने फोन केला.

"काका, दुकानात येऊन बघा ना सरळ. आणि टीव्ही कोणता आहे तुमचा? आजकाल बऱ्याच टीव्हींमध्ये आतच सोय असते."

"प्रश्न खरेदीदाराने विचारायचे असतात," साहेब म्हणाले. "तोंडी देकार आम्ही विचारात घेत नाही. भाव लेखीच हवा."

फोन ठेवल्यावर त्यांना खूप बरं वाटलं. बाई तेव्हा समोरच भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, काही म्हणायला तोंड उघडलं, आणि फाईलवरचं आपलं नाव बघून पुन्हा मान खाली घातली.

एव्हाना बातमी जिन्यात गेली होती आणि जिन्यात गेलेल्या बातमीला सल्ले फुटतात. अशी उपकरणं दोन जातींची असतात हे साहेबांना तिथे कळलं. एक काडीसारखं, टीव्हीच्या पाठीत खुपसायचं. दुसरं डबीसारखं, शेजारी ठेवायचं. शेजारच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाई काडीच्या पक्षाच्या. डबी तापते, आणि तापलेल्या वस्तूच्या लहरींनी पित्त होतं, असे पाच रोगी त्यांनी स्वतः पाहिले होते. रेडिओवाले कट्टर डबीवाले. काडीचा जीव तो केवढा, दोन मालिकांत राम म्हणते, असं ते म्हणत. दोघांनी आपापल्या बाजूला माणसं ओढली. तळमजल्यावरची नवराबायको या प्रश्नावरून तीन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. त्यांच्याकडे टीव्हीच नव्हता, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

रेडिओवाल्यांनी एकदा स्वतः खाली येऊन म्हटलं, साहेब, काडी-डबीचं राहू द्या, आधी तुमचा रिमोट जरा मला दाखवा. साहेबांनी त्यांना दारातच थोपवलं. ज्या माणसावर पट्टीचा संशय आहे त्याच्या हातात छत्तीस पट्ट्यांचा रिमोट द्यायचा? खाटकाच्या हातात शेळीची दोरी देण्यासारखंच की हे. रेडिओवाले अपमान गिळून वर गेले आणि जिन्यातून ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, भोगा मग.

दरपत्रकं काही येईनात. तेव्हा साहेबांनी मोठ्या मनाने प्रत्यक्ष पाहणीचं कलम वापरलं आणि ते तिसऱ्या दुकानात गेले. एक स्टूल मागून घेतलं, फाईल मांडीवर ठेवली आणि विक्रेतीला चालू स्थितीतला नमुना दाखवायला सांगितलं. सव्वादोन तासांचा सिनेमा त्यांनी तपासणी म्हणून पूर्ण पाहिला. मध्ये मध्ये ते प्रश्न विचारत होते. वीज गेली तर कार्यक्रम जिथे थांबला तिथूनच सुरू होईल याची लेखी हमी आहे का? उपकरण पाच वर्षांनी जुनं झालं हे कुणी ठरवायचं? चित्र मध्येच गोल गोल फिरत राहिलं तर जबाबदार अधिकारी कोण? तीन गिऱ्हाइकं काडी घ्यायला म्हणून आली होती. हे प्रश्न ऐकून तिघं विचारात पडली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली. शेवटी मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आला. काका, हवी ती घ्या, हवी तेवढी सूट घ्या, पण दुकान बंद व्हायच्या आत घ्या, असं तो हात जोडून म्हणाला. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

अशा रीतीने दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी काडी घरी आली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी एकाच देकारावर खरेदी केली होती. परत येताना त्यांना वाटेत दोनदा बसावं लागलं.

काडी खुपसायची खोबण टीव्हीच्या पाठीमागे. आणि टीव्ही तर साहेबांनीच लिहिलेल्या अटीप्रमाणे आठ स्क्रूंनी भिंतीला असा जखडलेला की बोट जाईल तर शपथ. गुरुवारी सुतार आला. सात स्क्रू निघाले. आठव्याचं डोकं झिजलेलं होतं, तो भिंतीसकट निघाला. टीव्ही वाचला, सुताराने मिठी मारून धरला म्हणून. पण भिंतीला केवढं तरी भगदाड पडलं, पलीकडे डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर दिसू लागलं. डॉक्टरीणबाई कढईत काहीतरी परतत होत्या. त्यांनी भोकातून आत बघितलं, काडीच आणलीत ना, असं विचारून खात्री करून घेतली आणि चहा चालेल का म्हणाल्या. चहा त्या भोकातूनच आला. टीव्ही शिलाई मशीनवर ठेवण्यात आला आणि तिथे तो थोडा वाकून उभा राहिला, वाढदिवसाचा फोटो काढायला उभ्या केलेल्या आजोबांसारखा.

शुक्रवार सगळा खातं उघडण्यात गेला. पडद्यावर सूचना आली: आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. खाली नऊ चौकोन. ज्यांत पूल आहे ते निवडा.

साहेबांनी चष्मा पुसला. पहिल्या आणि चौथ्या चौकोनात पूल होता, त्याबद्दल वाद नव्हता. सातव्यात मात्र, त्यांच्या मते, मोरी होती. सहा मीटरच्या आतलं जे बांधकाम त्याला पूल म्हणत नाहीत, मोरी म्हणतात, आणि ज्याने असल्या बांधकामाच्या सिमेंटचे तक्ते केले त्याला हे शिकवायला कुणी येऊ नये. त्यांनी मोरी सोडली. पडद्याने त्यांना माणूस मानायला नकार दिला. पुन्हा चौकोन आले, पुन्हा मोरी. आठ वेळा असं झालं.

"अहो, घाला ना ती मोरी पुलात," बाई म्हणाल्या. "कोण बघायला येतंय?"

"आज मोरीला पूल म्हणायचं, उद्या डबक्याला धरण म्हणायचं," साहेब म्हणाले. "बिलं अशीच निघतात."

त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि आधी समोरच्याचा हुद्दा विचारला. मी स्वयंचलित साहाय्यक आहे, असं गोड आवाजात उत्तर आलं. साहेबांनी फोन ठेवून दिला. जो स्वतः यंत्र आहे तो मला माणूस असल्याचा पुरावा मागतो? पेन्शनच्या कचेरीत दर वर्षी जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, ते त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. जिवंत असण्याबद्दल शंका येऊ शकते. पण माणूस असण्याबद्दल? त्यांनी हयातीच्या दाखल्याची प्रत जोडून तीन पानी अर्ज तयार केला आणि तो टपालात टाकायला निघाले. ते पेटीपर्यंत जाऊन येईतो बाईंनी मोरीवर बोट ठेवून दिलं. साहेब परत आले तेव्हा खातं उघडलं होतं. अर्जाच्या नुसत्या धाकाने काम झालं, असं ते आजही सांगतात.

आणि शनिवार उजाडला.

साडेपाचपर्यंत घर भरलं. मेहुणा बायकोला घेऊन आला आणि येताच त्याने शिलाई मशीन हलवून बघितलं. सुतार आला, कारण आपण टीव्हीला वाचवलं आहे असा त्याचा हक्क होता. तळमजल्यावरची नवराबायको आली. डॉक्टरीणबाई दारातून येणार की भोकातून यावर थोडी चर्चा झाली. रेडिओवाले अपमान विसरले नव्हते, ते उंबऱ्यातच उभे राहिले. बाई नवी साडी नेसून मध्यभागी बसल्या होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांच्या साक्षीने काडीच्या नव्या रिमोटचं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. सुधारित आवृत्ती उतरवून घेत आहे, कृपया वाट पाहा. एक टक्का.

"बुधवारी घेतली आणि शनिवारी सुधारायला काढली?" साहेब म्हणाले. "म्हणजे बुधवारी यांनी मला न सुधारलेला माल दिला."

पावणेसहाला सहा टक्के झाले. सहाला दहा कमी असताना नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काडीला थोडा वेळ द्या. रेडिओवाले उंबऱ्यातून म्हणाले, डबीला लागला नसता. साहेबांचा हात बिनाकागदाचा होता, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. ते नुसते त्या नवाच्या आकड्याकडे बघत उभे होते, आणि आपल्या टेबलाशी ताटकळणारी माणसं ज्या नजरेने बघत तीच नजर आज आपल्या डोळ्यांत आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मेहुण्याने खिशातून गाडीची किल्ली काढून वाजवली. "चला, भावोजी. आठ मिनिटांत पोचतो आमच्याकडे. हट्ट बास झाला. ताईचे चाळीस सेकंद जातील फुकट."

सुतार उठला. तळमजल्यावरचे उठले. साहेब बाईंकडे बघून एवढंच म्हणाले, "जा तू. मी घर बघतो."

बाई उठल्या नाहीत. "बसा सगळे," असं त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, आणि त्या आवाजात माणूस आधी बसतो, मग विचार करतो. बाईंनी टीव्हीचा जुना रिमोट हातात घेतला. घराचं चित्र असलेल्या बटणावरच्या पट्टीचा एक कोपरा बारीक दुमडलेला होता. त्याला नख लावून त्यांनी पट्टी अशी सहज सोलली, जशी दुधावरची साय काढतात. बटण दाबलं.

टीव्ही क्षणभर काळा झाला आणि मग उजळला. ओळीने चित्रं आली. वर लिहिलं होतं: बाई, पुन्हा स्वागत आहे. आणि त्याखाली, पुढे पाहा, भाग एकशे ब्याऐंशी.

साहेबांनी काडीचा रिमोट खाली ठेवला.

"हे टीव्हीत आधीपासून आहे?" साहेबांनी विचारलं.

"चार वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "तुम्ही दुपारी पेन्शनरांच्या वाचनालयात जाता ना, तेव्हा मी बघते. तुम्ही यायच्या आत नवी पट्टी लावून ठेवते. जुनी पुन्हा नीट चिकटत नाही."

उंबऱ्यातले रेडिओवाले अतिशय हळू आत आले आणि सगळ्यांत पुढची खुर्ची घेऊन बसले. आता त्यांना तिथून उठवायची कुणाची छाती नव्हती.

मेहुणा पडद्याजवळ जाऊन खात्याचा नंबर वाचत होता. "हे खातं माझं आहे," तो म्हणाला. "माझ्या खात्यात बाई नावाचं कोणी परकं शिरलंय म्हणून मी वर्षभर कंपनीशी भांडतोय." त्याच्या बायकोने पदराचं टोक तपासायला घेतलं आणि सासरच्या एकाच नणंदेला एवढंसं दिलं तर काय झालं, असं पदरालाच विचारलं. मेहुण्याने किल्ली खिशात टाकली. त्यानंतर ती वाजली नाही.

साहेब कपाटाकडे गेले होते. टीव्हीच्या खरेदीची चार वर्षांपूर्वीची फाईल त्यांनी काढली. बाब क्रमांक चौदा: इंटरनेटवरील कार्यक्रम थेट पाहण्याची सोय. आहे. समोर त्यांच्याच हस्ताक्षरात शेरा: गरज नाही. खाली सही.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. आवाज संतापाचा होता, पण तळाशी काहीतरी फुटलेलं होतं. "पंधरा दिवस मी दुकानं पालथी घातली, भिंत पाडली, एका यंत्राने माणुसकीची परीक्षा घेतली माझी, आणि तुला माहीत होतं. पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?"

बाईंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण चौतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या नावाची फाईल उघडलीत. ती बंद कशी करू?"

तेवढ्यात सहा वाजले आणि भाग सुरू झाला.

सातव्या मिनिटाला बाई आल्या. पडद्यावर एक सरकारी खिडकी होती. खिडकीबाहेर मालिकेचा नायक घामाघूम होऊन अर्ज घेऊन उभा, आणि आत बाई. त्यांनी त्याचा अर्ज घेतला. चळतीवर ठेवला. चळत उचलून टेबलावर ठोकली, एकदा, दोनदा, तीनदा. कडा सारख्या केल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि वरून बघत म्हणाल्या, "अर्ज बरोबर आहे. पण जोडपत्र कुठंय?"

घरातल्या सगळ्या माना एकदम साहेबांकडे वळल्या. साहेबांना याची निषेधार्ह बाब म्हणून नोंद घ्यायची होती. त्यासाठी ते तोंड उघडणारच होते, आणि तोंड उघडण्याआधी ते हातातली टीव्हीची फाईल टेबलावर ठोकत होते. दुसरी ठोक झाली होती. तिसरी त्यांनी हवेतच धरली.

मग जे हसू फुटलं त्याने भिंतीच्या भोकातून आणखी थोडं प्लास्टर पडलं. सुतार जमिनीवर बसला. मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नायक तर पडद्यावर रडतच होता.

"माझी पूर्वपरवानगी घेतली नव्हती," हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले.

"तीन नमुने पाहिले होते," बाई म्हणाल्या. "आमचे हेडमास्तर, पेन्शनच्या खिडकीतला तो, आणि तुम्ही. तक्ता केला. तुम्ही पहिले आलात."

साहेब कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. खिडकीतली ती बाई पडद्यावरून केव्हाच गेली होती, नायक आता कुठल्याशा बागेत जाऊन रडत होता.

"मागे घ्या ते," साहेब म्हणाले. "एकदा बघून तपासणी होत नसते."

अकरा वेळा तपासणी झाली. सहाव्या वेळेनंतर मेहुणा घरी जायला उठला, पण त्याला बसवण्यात आलं. जोडपत्र कुठंय हे वाक्य बाईंच्या आधी साहेब ओठांत म्हणू लागले होते, आणि दहाव्या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं.

रविवारी रेडिओवाल्यांना चिकटपट्टीचं एक नवं, न फोडलेलं रीळ पोचतं करण्यात आलं. सोबत दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र होतं आणि पोच मागितली होती. काडी अजून शिलाई मशीनच्या खणात आहे. तिची सुधारणा कितीपर्यंत आली हे कुणी बघितलेलं नाही. बाब क्रमांक चौदासमोरचा शेरा तांबड्या शाईने खोडून तिथे सही झाली आहे.

आणि रिमोटवर सोमवारी सकाळी एक नवी पट्टी दिसली. बाईंनी घाबरून आधी घराचं बटण बघितलं. ते उघडं होतं. साहेबांनी पट्टी लावली होती ती आवाज कमी करायच्या बटणावर.